खड्ड्यात पडणारा उमेदवार आणि सीमाभागाची बातमी

समजा, रंगमंचावर दोन उमेदवार उभे आहेत. एक म्हणतो, मध्यपूर्वेचा प्रश्न कसा सोडवायचा ते मला सापडलंय. दुसऱ्याचा पाय घसरतो आणि तो समोरच्या वादकांच्या खड्ड्यात पडतो. रात्रीच्या बातम्यांत कोण दिसणार? अमेरिकेतल्या 1988 च्या अध्यक्षीय निवडणुकीनंतर रॉजर एल्सनं हा प्रश्न मांडला होता. त्या निवडणुकीत तो जॉर्ज बुश थोरले यांच्या प्रचाराची दूरदर्शनची बाजू सांभाळत होता. पुढं आठ वर्षांनी त्यानं फॉक्स न्यूज ही वृत्तवाहिनी उभी केली. खड्ड्यात पडणारा दाखवायचा की बोलणारा, हे त्यानंतर वीस वर्षं त्याच्याच हातात राहिलं.

बेळगावात राहून मराठी आणि कन्नड अशा दोन्ही वाहिन्या बघणाऱ्यांना त्या प्रश्नाचं उत्तर कुणी सांगावं लागत नाही. महाराष्ट्रानं सीमाप्रश्नाचा दावा राज्यघटनेच्या अनुच्छेद 131 खाली सर्वोच्च न्यायालयात दाखल केला तो 2004 साली. तो अजून निकाली निघालेला नाही. इतक्या वर्षांत त्या दाव्याचे मुद्दे काय आहेत, खेडं हा घटक धरायचा की तालुका, भाषिक बहुमत कोणत्या जनगणनेवर मोजायचं, यावर सलग अर्धा तास बोलणारा कार्यक्रम शोधून सापडायचा नाही. पण 6 डिसेंबर 2022 ला हिरेबागेवाडीच्या टोलनाक्यावर महाराष्ट्राच्या ट्रकांवर दगड पडले, आणि तासाभरात मुंबई, बंगळूर आणि दिल्लीच्याही पडद्यावर बेळगाव होतं. तिकडं पुण्यात कर्नाटकाच्या बसना काळं फासलं गेलं, तेही लागलीच दिसलं. घटना खरी होती, तिची बातमी व्हायलाच हवी होती. दुखणं वेगळं आहे. दगड पडला नाही तर सीमाभाग अस्तित्वातच नाही, असा पडद्याचा हिशेब झालाय.

हा हिशेब कुणा एका माणसानं मांडला असं म्हणणं चूक ठरेल. पण तो कसा मांडला जातो आणि तो मांडणाऱ्याच्या हाती काय काय एकवटतं, हे एल्सच्या कारकिर्दीत जितकं स्वच्छ दिसतं तितकं दुसरीकडं क्वचितच दिसेल. म्हणून सीमाभागातल्या माणसानं ती समजून घ्यावी असं वाटतं.

एल्सचा जन्म 1940 चा, ओहायो राज्यातल्या वॉरन या कारखान्यांच्या गावातला. वडील कारखान्यात फोरमन. पोराला रक्त न गोठण्याचा आजार. कॉलेज संपवून तो क्लीव्हलंडमध्ये दुपारच्या एका गप्पांच्या कार्यक्रमात पडेल ते काम करायला लागला आणि तिशी गाठायच्या आत त्याच कार्यक्रमाचा कार्यकारी निर्माता झाला. त्या कार्यक्रमात 1967 साली रिचर्ड निक्सन पाहुणे म्हणून आले. 1960 ची निवडणूक निक्सन हरले त्यात दूरदर्शनवरच्या वादसभेचा वाटा मोठा मानला जातो, आणि या माध्यमावर त्यांचा राग होता. एल्सनं त्यांना तोंडावर सांगितलं की दूरदर्शनला हलकं समजाल तर पुन्हा हराल. 1968 च्या प्रचारात तो निक्सनसोबत होता.

तेव्हाची त्याची योजना नीट बघण्यासारखी आहे. स्टुडिओत मधोमध निक्सन उभे, समोर प्रश्न विचारायला निवडक सामान्य नागरिक, भोवती टाळ्या वाजवायला पक्षाचेच समर्थक. पत्रकारांना स्टुडिओत प्रवेश नाही. घरी बसलेल्या माणसाला वाटे, हा गडी कुठल्याही प्रश्नाला भिडतोय. पुढच्या सगळ्या कारकिर्दीचं बी इथंच आहे: प्रश्न, उत्तर आणि टाळी तिन्ही एकाच हाती ठेवायच्या, आणि बघणाऱ्याला ते मोकळं वाटलं पाहिजे.

मधली वर्षं भरभर सांगता येतील. रेगन यांची 1984 च्या दुसऱ्या वादसभेची तयारी, मग बुश, मग 1993 मध्ये सीएनबीसी या अर्थविषयक वाहिनीचं अध्यक्षपद. 1996 मध्ये माध्यमसम्राट रुपर्ट मर्डॉकनी त्याला बोलावून घेतलं, आणि त्याच वर्षी 7 ऑक्टोबरला फॉक्स न्यूज सुरू झाली.

ती घराघरांत पोचली कशी, हा भाग तपशिलानं बघायला हवा. केबलवाला साधारणपणे वाहिनीला पैसे देतो. मर्डॉकनी हा व्यवहार उलटा केला. आमची वाहिनी दाखवा, दर ग्राहकामागं सुमारे 10 डॉलर आम्हीच देतो, असा सौदा केबल कंपन्यांशी झाला. त्यामुळं पहिल्याच दिवशी वाहिनी जवळपास 1 कोटी 70 लाख घरांत पोचली. न्यूयॉर्कमधल्या मोठ्या केबल कंपनीनं मात्र जागा नाकारली आणि ते भांडण महापालिका आणि न्यायालयापर्यंत गेलं. वाहिनीचा मजकूर कितीही धारदार असला तरी केबलच्या यादीत जागा नसेल तर ती जन्मतः मुकी, हे एल्स-मर्डॉक जोडीनं आधी ओळखलं होतं. आपल्याकडंही वाहिन्या केबलवाल्यांना जागेचं भाडं मोजतात, आणि सेट टॉप बॉक्स चालू करताच जी वाहिनी आपोआप लागते ती जागा तर खास पैसे मोजून घेतली जाते. बघणाऱ्यानं निवड केलेली नसते, पण पडद्यावर ती वाहिनी असते आणि मोजणी करणाऱ्या यंत्रापर्यंत ते जातं.

पडद्याखाली अखंड सरकणारी बातम्यांची पट्टी 11 सप्टेंबर 2001 च्या सकाळी आली आणि संकट ओसरल्यावरही गेली नाही. 2002 पासून फॉक्स न्यूज प्रेक्षकसंख्येत सीएनएनच्या पुढं गेली. त्याआधी 2000 च्या निवडणुकीच्या रात्री एक प्रकार झाला, तो न्यूजरूम चालवणाऱ्या प्रत्येकानं आठवणीत ठेवावा. फ्लोरिडा कुणी जिंकलं हे ठरवणाऱ्या फॉक्सच्या डेस्कचा प्रमुख जॉन एलिस हा धाकट्या बुश यांचा सख्खा आतेभाऊ होता. मध्यरात्र उलटल्यावर 2 वाजून 16 मिनिटांनी फॉक्सनं बुश जिंकल्याचं सर्वांत आधी जाहीर केलं, काही मिनिटांत बाकीच्या वाहिन्याही मागोमाग गेल्या आणि पहाटे सगळ्यांना शब्द मागं घ्यावे लागले. फेरमोजणीचा वाद पुढं महिनाभर चालला. एकानं घाई केली की उरलेल्यांना थांबणं जड जातं. वाहिन्यांच्या बाजारातलं हे सगळ्यात महागडं दुखणं आहे आणि त्यावर अजून औषध निघालेलं नाही.

आता आपल्याकडच्या मोजणीकडं येऊ. कोणती वाहिनी किती पाहिली गेली हे बार्क ही संस्था मोजते. निवडक घरांतल्या टीव्हीला एक छोटं यंत्र जोडलेलं असतं. वाहिनीच्या आवाजात कानाला ऐकू न येणारी सांकेतिक खूण मिसळलेली असते, ती हे यंत्र ओळखतं. घरातल्या प्रत्येकाला वेगळं बटण असतं. टीव्हीसमोर बसताना ते दाबायचं, उठताना पुन्हा दाबायचं. 2020 च्या सुमारास देशभरात अशी जवळपास 44 हजार घरं होती. एवढ्या घरांवरून कोट्यवधींचा अंदाज काढायचा, त्यामुळं एखाद्या छोट्या गटातली पाच-दहा घरं हाती लागली तरी आकडा हलतो. मुंबई पोलिसांनी 8 ऑक्टोबर 2020 ला नेमका हाच आरोप जाहीर केला: पैसे देऊन काही घरांत ठरावीक वाहिन्या चालू ठेवल्या जातात. आठवड्याभरात बार्कनं वृत्तवाहिन्यांचे आकडे देणं थांबवलं, ते मार्च 2022 मध्ये पुन्हा सुरू झालं. बार्कचे माजी मुख्य कार्यकारी अधिकारी पार्थो दासगुप्ता यांना डिसेंबर 2020 मध्ये अटक झाली, पुढं उच्च न्यायालयानं जामीन दिला, आणि 2024 मध्ये राज्य सरकारला हा खटला मागं घ्यायची परवानगी न्यायालयानं दिली. आरोप खरे की खोटे याचा निवाडा त्यामुळं झालाच नाही.

सीमाभागाच्या दृष्टीनं त्या खटल्यापेक्षा मोठी गोष्ट आकड्यांच्या रचनेत आहे. मराठी वाहिन्यांची स्पर्धा महाराष्ट्र-गोवा या बाजारावर मोजली जाते. वडगाव, शहापूर, अनगोळ, येळ्ळूर, खानापूर, निपाणी इथलं मराठी घर दिवसभर मराठी वाहिनी लावून बसलं तरी ते कर्नाटकाच्या खात्यात. मुंबईतल्या संपादकाला आमच्या बघण्याचा फायदा नाही आणि आम्ही बघायचं सोडलं तर तोटाही नाही. बेळगाव त्याला विषय म्हणून लागतं, कारण पुण्या-कोल्हापूरचा प्रेक्षक त्यावर थांबतो. बंगळूरच्या वाहिनीचंही तसंच. तिला बेळगाव लागतं ते म्हैसूर-मंड्याच्या प्रेक्षकासाठी. दोन्हीकडं आम्ही बातमीचा कच्चा माल आहोत, गिऱ्हाईक कुणाचेच नाही. ज्या प्रेक्षकाच्या नाराजीची किंमत शून्य आहे त्याच्याबद्दल चुकीचं दाखवताना डेस्कचा हात आखडत नाही. आमच्या भागाच्या वार्तांकनाचा मूळ रोग मला इथं दिसतो.

या यंत्रातून एक चित्रफीत कशी जाते ते जवळून पाहू. बसवर दगड पडलाय, काच फुटलीय. तिथं पोचलेला स्ट्रिंजर म्हणजे बातमीमागं पैसे मिळणारा वार्ताहर. तो मोबाइल आडवा धरतो. जाणता असेल तर आधी लांबून दृश्य घेतो, ज्यात गावाची पाटी किंवा किलोमीटरचा दगड दिसेल; मग मधलं, मग काचेचं जवळून. प्रत्येक दृश्य आठ-दहा सेकंद हात न हलवता. शेवटी आपल्या आवाजात जागा, तारीख, वेळ. पाठवताना व्हिडिओ म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवतो, नाहीतर व्हॉट्सॲप चित्र दाबून पुसट करतं. पण घाईत यातलं निम्मं राहून जातं, आणि मुंबईच्या इनपुट डेस्कवर, म्हणजे बातम्या गोळा करणाऱ्या टेबलावर, येते ती फक्त काचेची बारा सेकंदांची फीत. तिला नाव पडतं ‘बेळगाव बस’.

मग आउटपुटचं, म्हणजे ती पडद्यावर लावणाऱ्यांचं काम. बारा सेकंदांत बातमी वाचून होत नाही, म्हणून तीच फीत फिरवली जाते. काचेभोवती लाल वर्तुळ येतं. फोनवर स्ट्रिंजर असतो, अँकर त्याला विचारतो, "आत्ता तिथं काय परिस्थिती आहे?" तो सांगतो की वाहतूक सुरळीत झालीय, पोलीस बंदोबस्त आहे. तो हे सांगत असताना पडद्यावर मात्र काच फुटतच असते. ऐकणारा विसरतो, बघणारा विसरत नाही. जोडीला चित्र कमी पडलं की मागल्या वर्षीची फीत लागते आणि कोपऱ्यात ‘संग्रहित’ टाकायचं राहतं, किंवा इतकं बारीक टाकतात की मोबाइलवर वाचताच येत नाही. हिरेबागेवाडी बेळगावपासून धारवाडच्या रस्त्यानं वीसेक किलोमीटर, पण पट्टीवर ‘बेळगावात’ एवढंच. त्या एका शब्दावर कोल्हापूर-सांगलीतले आईबाप बेळगावच्या कॉलेजातल्या पोरांना फोन लावत बसतात आणि कोगनोळीच्या नाक्यावर एसटी थांबते.

भाषेचं तर विचारू नका. पोलीस अधिकारी कन्नडमध्ये दोन मिनिटं बोलतो. मुंबईच्या डेस्कवर कन्नड कळणारं कुणी नसतं. स्ट्रिंजर फोनवर सारांश सांगतो, तो सारांश एका ओळीचा होतो आणि ‘चौकशी करून गुन्हा दाखल करू’ याचं ‘कारवाईस टाळाटाळ’ होऊ शकतं. बंगळूरकडं मराठी कार्यकर्त्याच्या बोलण्याचंही हेच होतं. ज्या शहरात भाजीवालीपासून वकिलापर्यंत प्रत्येकाला दोन्ही भाषा येतात, त्या शहराची बातमी दोन्हीकडं एकाच भाषेच्या माणसांकडून कापली जाते. उपाय अवघड नाही. पूर्ण बाईटचं, म्हणजे बोलण्याच्या फितीचं, शब्दशः भाषांतर लिहून फितीसोबत पाठवायचं आणि डेस्कनं त्यातूनच ओळ उचलायची. पाच-सात मिनिटं जास्त लागतील. तेवढीच मिनिटं द्यायला कुणी तयार नसतं, कारण शेजारच्या वाहिनीनं चालवलेलं असतं.

आणि खड्ड्यात न पडणारा उमेदवार? आमच्याकडं तो कागदाच्या रूपात आहे. ज्या स्थानिक क्षेत्रात भाषिक अल्पसंख्याक 15 टक्के किंवा जास्त आहेत तिथं महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, हे 1961 पासून मान्य झालेलं धोरण आहे. मातृभाषेतल्या प्राथमिक शिक्षणासाठी अनुच्छेद 350 अ आहे, भाषिक अल्पसंख्याकांच्या आयुक्तांसाठी 350 ब. बेळगाव, खानापूर, निपाणीतली मराठी परिपत्रकांची मागणी याच्यावर उभी आहे. यात पडणारं, फुटणारं काही नाही, म्हणून चित्र नाही असं डेस्क म्हणतं. मला ते पटत नाही. म्हातारा शेतकरी जमिनीचा कन्नडमधला उतारा हातात धरून शेजारच्या पोराला "काय लिहिलंय वाच की" म्हणतोय. पंचायतीच्या फळ्यावरच्या नोटिशीवर कॅमेरा थांबतोय. मराठी शाळेच्या हजेरीपटावरून बोट खाली सरकतंय. दीड मिनिटाची बातमी यात बसते. 1 नोव्हेंबरची काळ्या दिनाची फेरी आणि बेळगावात भरणाऱ्या कर्नाटकाच्या हिवाळी अधिवेशनाच्या पहिल्या दिवशीचा मराठी माणसांचा महामेळावा सोडला तर आमच्या माणसांचे चेहरे पडद्यावर येतच नाहीत, त्यात कुणाच्या डावपेचांचा दोष कमी आणि अशा दीड मिनिटाचा आळस जास्त आहे.

एल्सचा शेवट कशानं झाला, ते याच सूत्राला जोडून आहे. 6 जुलै 2016 ला ग्रेचेन कार्लसन या निवेदिकेनं त्याच्यावर लैंगिक छळाचा दावा लावला. तिचा करार जूनमध्ये संपला होता आणि वाढवला गेला नव्हता. कंपनीशी वाद झाला तर तो बंद खोलीतल्या लवादापुढंच न्यायचा, असं कलम त्या करारात होतं. तिच्या वकिलांनी कंपनीला बाजूला ठेवून एल्स या व्यक्तीवर, उघड्या न्यायालयात दावा लावला. शिवाय तिनं बैठकांतली बोलणी बराच काळ फोनवर ध्वनिमुद्रित करून ठेवली होती, असं नंतर प्रसिद्ध झालं. दावा लागताच इतर महिला पुढं आल्या, मूळ कंपनीनं बाहेरच्या वकिलांकडून चौकशी सुरू केली आणि 21 जुलैला, म्हणजे पंधरा दिवसांत, एल्सनं राजीनामा दिला. त्यानं आरोप शेवटपर्यंत नाकारले. सप्टेंबरमध्ये कंपनीनं कार्लसनची जाहीर माफी मागितली. तडजोडीची रक्कम 2 कोटी डॉलर असल्याचं छापून आलं. जाताना एल्सला सुमारे 4 कोटी डॉलर मिळाल्याच्याही बातम्या होत्या. 18 मे 2017 ला तो वारला.

वीस वर्षं इतक्या बायकांनी सोसलं आणि बाहेर आलं नाही, कारण तक्रार जिथं जायची ती खोलीही त्याच्याच इमारतीत होती. पडद्यावर कोण दिसणार, कुणाचा करार वाढणार, कुणाची तक्रार ऐकली जाणार, सगळ्या किल्ल्या एका जुडग्यात. 1968 च्या स्टुडिओत पत्रकारांना बाहेर ठेवणारी व्यवस्था आणि ही व्यवस्था मला वेगळी वाटत नाही. लैंगिक छळाच्या प्रकरणात लवादाची सक्ती चालणार नाही असा अमेरिकेचा कायदा मार्च 2022 मध्ये झाला, त्यासाठी कार्लसन स्वतः झटली. तिच्या स्वतःच्या प्रकरणाबद्दल मात्र तडजोडीतल्या गोपनीयतेच्या अटीमुळं तिला आजही मोकळेपणी बोलता येत नाही.

आमच्या भागात पत्रकारितेत मुली येताहेत, त्यातल्या बऱ्याच बातमीमागं पैशांवर किंवा कंत्राटावर. त्यांना वाटतं आपण नोकरदार नाही, तर आपल्याला कायदा कुठला. तसं नाही. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यातल्या कर्मचाऱ्याच्या व्याख्येत हंगामी, रोजंदारी, कंत्राटी सगळे येतात, मोबदला मिळो न मिळो. दहा किंवा जास्त माणसांच्या कार्यालयात अंतर्गत समिती हवीच; त्याहून लहान असेल किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडं जायचं. तक्रार लेखी, प्रसंगापासून तीन महिन्यांत. योग्य कारण असेल तर आणखी तीन महिने मिळतात. चौकशी 90 दिवसांत संपवायची असते. संदेश पुसू नयेत, तारखा त्याच दिवशी लिहून ठेवाव्यात.

आणि प्रेक्षकाचं. चुकीची फीत, ‘संग्रहित’ न लिहिलेलं जुनं चित्र, उलटं भाषांतर दिसलं तर चडफडत बसू नये. वाहिनीचं नाव, तारीख, वेळ, पट्टीवरचे नेमके शब्द आणि पडद्याचा फोटो, एवढं घेऊन वाहिनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहावं. केबल टीव्हीच्या 2021 च्या नियमांनुसार 24 तासांत पोच आणि 15 दिवसांत निर्णय द्यावा लागतो. तो पटला नाही तर पुढच्या 15 दिवसांत वाहिन्यांच्या स्वनियमन संस्थेकडं अपील करता येतं. त्यासाठी महाराष्ट्रात राहायची अट नाही. कन्नड बाईटचं भाषांतर चुकलं असेल तर मूळ कन्नड वाक्य देवनागरीत आणि शेजारी मराठी अर्थ असं दोन्ही लिहून जोडावं, कारण ते वाचणारा माणूस मुंबईत किंवा दिल्लीत बसलेला असेल. प्रक्षेपणाचं ध्वनिचित्रमुद्रण वाहिनीला 90 दिवस जपून ठेवावं लागतं, त्यामुळं डिसेंबरच्या अधिवेशनातल्या बातमीची तक्रार उन्हाळ्यावर ढकलू नये.